लॉस्टच्या थिअऱ्या : नौपाड्याच्या कट्ट्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही काही जण रविवारी दुपारी ठाण्याच्या नौपाड्यात एकाच्या घरी जमून 'लॉस्ट' ही अमेरिकन मालिका पुन्हा बघतो आणि संध्याकाळी तलावपाळीला चकरा मारत त्यावर भांडतो. कोणी पहिल्यांदा बघतंय, कोणी कितव्यांदा ते सांगायला लाजतंय. नवा येणारा प्रत्येक जण तेच तेच विचारतो, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. मतं माझी आहेत, कट्ट्याची नाहीत. कट्ट्याचं एकमत फक्त भजी आणायची की वडे यावर होतं, तेही पावसाळ्यात.

मी अजून पूर्ण बघितलेली नाही. वाचू का?

नको. इथे शेवटासकट सगळं फोडलेलं आहे. सहा सीझन, १२१ भाग. बघून या, आम्ही कुठे पळून जात नाही.

बघून बरीच वर्षं झाली. थोडक्यात आठवण करून द्या.

सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेलं ओशियॅनिक ८१५ हे विमान हवेतच तुटून पॅसिफिकमधल्या एका बेटावर पडतं. कथेतली तारीख २२ सप्टेंबर २००४, आणि एबीसी वाहिनीवर पहिला भाग दाखवला तोही त्याच दिवशी. विमानाच्या मधल्या भागातले ४८ जण वाचतात. बेटावर हिमअस्वल आहे, झाडं मोडत येणारं काहीतरी आहे, जमिनीत पुरलेलं लोखंडी झाकण आहे, सोळा वर्षं एकाच फ्रेंच बाईच्या आवाजात वाजत राहिलेला रेडिओ संदेश आहे, आणि आधीपासून राहणारी माणसंही आहेत. मालिका २३ मे २०१० ला संपली. चित्रीकरण हवाईतल्या ओआहू बेटावर झालं. वाळूत पडलेलं ते विमानही खरं, सेवेतून काढून टाकलेलं लॉकहीड ट्रायस्टार.

कट्ट्यावर सारखं 'बेटावरचं की सेटवरचं?' असं विचारतात. ते काय आहे?

आमचा एकुलता एक नियम. कुठलंही कोडं आलं की आधी ठरवायचं, याचं उत्तर बेटावर शोधायचं की सेटवर. बेटावरचं उत्तर कथेच्या आतलं असतं: अमक्याने तमकं केलं, कारण बेटाचा रखवालदार जेकब याने त्याला तसं सांगितलं होतं. सेटवरचं उत्तर म्हणजे नटाला काम सोडायचं होतं, पोरगा उंच झाला, लेखकांनी संप केला, वाहिनीला अजून दोन सीझन हवे होते.

बऱ्याच थिअऱ्या फसतात त्या इथे. सेटवर पडलेल्या भोकाला लोक बेटावरचं ठिगळ लावायला जातात. उलटही होतं. कथेत स्वच्छ सांगितलेली गोष्ट 'लेखकांना काही सुचलं नाही' म्हणून झटकून टाकतात. मला हे दुसरं जास्त खटकतं, कारण त्यासाठी मालिका नीट बघावीही लागत नाही.

म्हणजे शेवटी ते सगळे पहिल्यापासून मेलेलेच होते ना?

नाही.

थिअरी जुनी आहे, पहिल्या सीझनपासूनची: विमान पडलं तेव्हाच सगळे गेले, आणि बेट म्हणजे स्वर्ग-नरकाच्या मधली ताटकळायची जागा. निर्मात्यांनी तेव्हाच नाही म्हटलं होतं. मग शेवटचा भाग आला. मालिकेचा नायक, डॉक्टर जॅक शेफर्ड चर्चच्या मागच्या खोलीत वडिलांच्या शवपेटीपाशी उभा आहे, पेटी उघडतो तर रिकामी, आणि पाठीमागून वडीलच बोलतात. इथे बहुतेकांनी टीव्ही बंद केला असावा, कारण पुढचं बोलणं कोणाच्या कानावर पडलेलं दिसत नाही. वडील सांगतात की तुझ्या आयुष्यात जे जे घडलं ते सगळं खरं होतं. इथे जमलेल्यांपैकी काही तुझ्याआधी गेले, काही तुझ्यानंतर कितीतरी काळाने. मरणानंतरचं आहे ते सहाव्या सीझनमधलं समांतर जग, ज्यात विमान पडतच नाही. बेट खरं.

बोलण्यावर विश्वास नसेल तर चर्चमध्ये कोण कोण आहे ते बघा. पेनी आहे, आणि ती त्या विमानात कधी नव्हतीच. डेस्मंडही नव्हता, तो तेव्हा जमिनीखाली बटण दाबत होता. ज्युलिएट तर बेटावरच्या आपल्या घरी चार लोक जमवून पुस्तकावर चर्चा करत होती. सगळे विमान अपघातात गेले म्हणता, तर हे तिघं कशात गेले? आणि बांबूच्या बनात जॅक डोळे मिटायच्या आधी त्याच्या डोक्यावरून जे विमान जातं, त्यात केट, सॉयर, क्लेअर, माइल्स, रिचर्ड बसलेले आहेत आणि लपिडस ते चालवतोय. मेलेल्याला विमान कशाला लागतं, असं आमचे पाचपाखाडीचे काका विचारतात, आणि यावर अजून कोणी तोंड उघडलेलं नाही.

मग सगळं संपल्यावर नावांच्या पट्टीमागे किनाऱ्यावरचे रिकामे अवशेष का दाखवले? तिथे एकही माणूस नाही!

सेटवरचं उत्तर. ती दृश्यं लेखकांनी नाही, वाहिनीने जोडली. एवढ्या भावुक शेवटानंतर लगेच बातम्या सुरू झाल्या तर प्रेक्षकाला धक्का बसेल, म्हणून मधे थोडी शांतता. लोकांनी त्या शांततेतून निष्कर्ष काढला की कोणी वाचलंच नव्हतं. एबीसीला नंतर खुलासा करावा लागला. सहा वर्षं प्रेक्षकाला प्रत्येक चौकटीत खूण शोधायची सवय लावली, मग शेवटची चौकट तो मोकळी कशी सोडेल? दोष एकट्या प्रेक्षकाचा म्हणता येत नाही.

बेटावरच्या संशोधकांच्या संस्थेचं नाव धर्म इनिशिएटिव्ह, त्यांच्या प्रत्येक माहितीच्या फिल्मच्या शेवटी 'नमस्ते', चर्चच्या खिडकीत ॐ. ही पुनर्जन्माची गोष्ट आहे का?

आपल्याकडे हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर 'घरचंच आहे' असा भाव असतो.

जॅक आणि वडील बोलतात त्या खोलीतली रंगीत काचांची खिडकी थांबवून बघा. ॐ आहे, पण शेजारी क्रूस आहे, चंद्रकोर आणि तारा, ज्यू धर्माचा षट्कोनी तारा, बौद्धांचं धर्मचक्र आणि चिनी यिन-यांगही आहे. एकाच धर्माची किल्ली लागू नये म्हणून सगळ्या एकत्र टांगल्यात. धर्मवाले संशोधक तर कथेनुसार १९७० मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या डीग्रूट दांपत्याने जमवलेले, आल्वार हान्सोच्या पैशावर. त्या काळच्या अमेरिकन हिप्पींना पूर्वेकडचं सगळंच गोड लागत होतं. चिन्ह बघा, अष्टकोन चिनी आहे आणि नमस्कार आपला.

पाचव्या सीझनमध्ये मात्र एक खूण आहे जी सोडवत नाही. वाचलेल्यांपैकी एक असलेल्या लॉकची शवपेटी ज्या गाडीतून नेतात तिच्यावर 'कँटन-रेनियर' असं नाव आहे. इंग्रजी अक्षरं उलटीसुलटी जुळवली की 'रीइन्कार्नेशन' होतं. पण पुढे उठून उभा राहतो तो लॉक नसतोच, त्याचं रूप घेतलेला दुसराच असतो. म्हणजे खूण पुनर्जन्माची आणि घडतं ते सोंग. लेखकांनी इथे आपल्याला गंडवलं, आणि छान गंडवलं.

अक्षरांचे असे खेळ अजून आहेत का?

आहेत. पहिल्या सीझनमधला ईथन रोम, ज्याचं नाव प्रवाशांच्या यादीत सापडत नाही, त्याची अक्षरं फिरवा: 'अदर मॅन'. तिसऱ्या सीझनच्या शेवटी जॅक ज्या अंत्यविधीगृहात जातो त्याचं नाव 'हॉफ्स-ड्रॉलर', म्हणजे 'फ्लॅश फॉरवर्ड'. प्रेक्षक तो भूतकाळ समजून बघत असतात आणि पाटीवर ढळढळीत लिहिलेलं असतं की हा भविष्यकाळ आहे. मला सगळ्या मालिकेत ही जागा सगळ्यात आवडते.

याचा वाईट परिणाम असा की एकदा हे कळलं की माणूस प्रत्येक नावाची अक्षरं फिरवत बसतो. लॉक, ह्यूम, रूसो, फॅरडे ही तत्त्ववेत्त्यांची आणि शास्त्रज्ञांची नावं आहेत, त्यांत अजून काही दडलेलं नाही. फिरवू नका.

४, ८, १५, १६, २३, ४२. या आकड्यांचा अर्थ काय?

उत्तर एक नाही, तीन आहेत.

पहिलं सहाव्या सीझनमध्ये येतं. कड्यातल्या गुहेच्या छतावर जेकबने आपल्यानंतर बेट राखू शकतील अशांची नावं लिहून ठेवलीत, बहुतेक खोडलेली. उरलेल्यांपुढे आकडे: ४ लॉक, ८ रेयेस म्हणजे हर्ली, १५ फोर्ड म्हणजे सॉयर, १६ जराह म्हणजे सईद, २३ शेफर्ड, ४२ क्वॉन. हा ४२ जिन की सन, हे शेवटपर्यंत मोघम. दुसरं उत्तर मालिकेत नाहीच. २००६ मध्ये इंटरनेटवर एक खेळ चालवला होता, त्यात हे आकडे मानवजातीचा अंत कधी होणार हे सांगणाऱ्या व्हॅलेन्झेट्टी समीकरणातले घटक आहेत असं दिलं. ज्याने फक्त टीव्ही बघितला त्याला हे कळायला मार्गच नव्हता, आणि हा अन्याय आहे असं मला वाटतं. तिसरं म्हणजे बेरीज: १०८, आणि बटण दर १०८ मिनिटांनी दाबायचं. आपल्याकडच्या कुठल्याही आजीने हा आकडा ऐकून जपमाळ काढली असती.

पण खरा प्रश्न राहतोच. हर्लीने हे आकडे लावून लॉटरी जिंकली आणि मग त्याच्या आसपास माणसं मरायला लागली, ते का? आकडे शापित होते का? 'जेकबला आकड्यांची आवड होती' एवढंच उत्तर मिळतं. सेटवरचं उत्तर सरळ आहे: आकडे आधी सुचले, अर्थ मागाहून जोडला. ते चालतं, पण सांधा दिसतो.

जाता जाता. ४ जानेवारी २०११ ला अमेरिकेतल्या मेगा मिलियन्स लॉटरीत ४, ८, १५ आणि मेगा बॉल ४२ असे चार आकडे खरोखर लागले. हर्लीचे आकडे लावून बसलेल्या हजारो लोकांपैकी बहुतेकांना प्रत्येकी दीडशे डॉलर मिळाले. पुढे त्यांच्यावर उल्का वगैरे पडल्याचं ऐकिवात नाही.

ठाण्यात हे आकडे दिसले की फोटो पाठवायचे का?

कृपा करून नको. एमएच ०४ मुळे इथली प्रत्येक रिक्षा चारच्या आकड्याने सुरू होते आणि १०८ वर फोन केला की रुग्णवाहिका येते. नवी मुंबईकरांचं एमएच ४३ तर एका आकड्याने हुकलं, त्याचं दुःख वाशीहून येणारे दोघे दर रविवारी ऐकवतात.

झाडं मोडत येणारं ते काहीतरी, म्हणजे काळा धूर, नॅनो-रोबोंचा आहे, ही थिअरी चुकीची ठरली तरी तुम्ही तिची बाजू का घेता?

कारण ती प्रामाणिक होती. तेव्हा हातात काय होतं ते बघा. फ्रेंच बाई रूसो स्वतः सांगते की ती एक सुरक्षा यंत्रणा आहे. धूर येतो तेव्हा साखळ्या ओढल्यासारखा, चक्रं फिरल्यासारखा आवाज येतो. दुसऱ्या सीझनमध्ये तो ईको या प्रवाशासमोर उभा राहतो तेव्हा आत त्याच्याच आयुष्यातली दृश्यं चमकतात, जणू माणूस स्कॅन होतोय. आणि बेटावर शास्त्रज्ञांचे भुयारी कारखाने आहेत. यातून 'यंत्र' हा निष्कर्ष काढणाऱ्याने दाखवलेली प्रत्येक गोष्ट जमेस धरली होती.

खरं उत्तर सहाव्या सीझनचं: जेकबचा जुळा भाऊ, ज्याला जेकबनेच रागाच्या भरात बेटाच्या पोटातल्या उजेडात ढकललं. कथा म्हणून मला ती आवडते. दोन भाऊ, एक आई, वाटणीवरून वैर, यात आपल्याला परकं काही नाही. पण तो यांत्रिक आवाज कुठून आला, ते सांगत नाही.

सेटवर मात्र त्याचा पत्ता लागतो. त्या आवाजात न्यूयॉर्कच्या टॅक्सीतलं पावती छापणारं यंत्रही मिसळलेलं आहे. पहिल्याच भागात रोझ ही प्रवासी म्हणते की हा आवाज ओळखीचा वाटतोय, आणि ती ब्रॉन्क्सची आहे. हे कळल्यावर आम्ही तो तुकडा हेडफोन लावून पुन्हा ऐकला. कोपरीची आमची एक मैत्रीण म्हणाली, हे तर टीएमटीच्या, म्हणजे ठाण्याच्या शहर बसच्या, कंडक्टरचं तिकीट मशीन. तेव्हापासून बसमध्ये तिकीट फाडलं की आमच्यातलं कोणीतरी मान वर करून झाडांकडे बघतं.

गुहेतले दोन सांगाडे?

पहिल्या सीझनमध्ये जॅकला गुहेत दोन सांगाडे सापडतात, सोबत थैलीत एक काळा आणि एक पांढरा खडा. लॉक त्यांना ॲडम आणि ईव्ह म्हणतो. कोण असतील ते? लोकांनी जॅक-केट म्हटलं, रोझ-बर्नार्ड म्हटलं, म्हणजे कोणीतरी काळात मागे गेलं आणि तिथेच म्हातारं होऊन मेलं. मालिका पुढे खरंच काळात मागे गेल्यावर या थिअरीला भलताच जोर चढला.

निघाले ते जेकबची पालक आई आणि तोच भाऊ. त्यांच्या काळात बेटावर येणारी माणसं लॅटिन बोलतात. आता जॅकचं पहिल्या सीझनमधलं वाक्य आठवा: कपड्यांची अवस्था बघून तो म्हणतो, चाळीस-पन्नास वर्षं झाली असतील. लॅटिन बोलणाऱ्यांच्या काळातलं कापड त्या दमट गुहेत टिकलं आणि एका सर्जनने ते पन्नास वर्षांचं ठरवलं! आमच्याकडे पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणारी एक ताई आहे, ती या दृश्याला दरवेळी 'डॉक्टर, रिपोर्ट बदला' असं ओरडते. गंमत अशी की निर्मात्यांनी मधल्या काळात सांगितलं होतं, या सांगाड्यांचं उत्तर कळलं की आम्ही सगळं आधीपासून ठरवलं होतं हे तुम्हाला पटेल. मला उलटंच पटलं.

मग आधीपासून ठरवलं होतं की नव्हतं?

थोडं होतं, थोडं नव्हतं, आणि यात गुन्हा काही नाही. मूळ बेतात जॅक पहिल्याच भागात मरणार होता. जो पुढे सहा सीझनचा नायक झाला, तो. बेटावर आधीपासून राहणाऱ्यांतला बेन लायनस झालेला मायकेल इमर्सन पाहुणा म्हणून तीन भागांसाठी आला होता. त्याच्या डोळ्यांत काहीतरी दिसलं आणि त्याला गावचा पाटील करून टाकलं. सेटवरच्या उत्तरांतलं हे सगळ्यात भाग्याचं.

नुकसान झालं ते शेवट कधी हे माहीत नसल्यामुळे. तिसऱ्या सीझनच्या सुरुवातीला माणसं पिंजऱ्यात बसून नुसती बघत राहतात आणि एक अख्खा भाग जॅकच्या हातावरच्या गोंदणावर खर्च होतो. मे २००७ मध्ये वाहिनीने २०१० हा शेवट जाहीर केला, उरलेले ४८ भाग तीन सीझनमध्ये वाटले, आणि गाडी रुळावर आली. मग लेखकांचा संप झाला आणि चौथा सीझन १४ भागांवर आटोपला.

रोजच्या मराठी मालिकेवर अशा थिअऱ्या का रचत नाहीत, असंही कोणीतरी विचारतं. कारण हेच. उद्याचा भाग टीआरपी बघून बदलू शकतो, तिथे खुनी कोण हे ओळखायचं तर आठवड्याचे आकडे वाचावे लागतील.

वॉल्टचं काय झालं?

वॉल्टचा नट उंच झाला. पहिल्या चार सीझनमध्ये बेटावर जेमतेम शंभर दिवस जातात, आणि तेवढ्यात दहा वर्षांच्या पोराला मिसरूड फुटलं तर काय करणार? त्याला दुसऱ्या सीझनच्या शेवटी होडीत बसवून पाठवून दिलं. त्याची ती शक्ती, त्याच्या खिडकीवर आपटून मरणारे पक्षी, सगळं त्याच होडीतून गेलं. यावर बेटावरची थिअरी घेऊन येऊ नका. मालिका संपल्यावर डीव्हीडीसोबत आलेल्या बारा मिनिटांच्या पुरवणीत बेन आणि हर्ली त्याला न्यायला येतात, तेवढीच भरपाई.

ईको? लिब्बी? निकी आणि पाउलो?

ईकोच्या नटाला मालिका सोडायची होती. निकी-पाउलो प्रेक्षकांना आवडले नाहीत, म्हणून त्यांना जिवंत पुरलं, आणि तो भाग मात्र झकास झाला. लिब्बी हर्लीच्याच मनोरुग्णालयात काय करत होती हे कोणी कधी सांगितलं नाही.

हिमअस्वल?

धर्मवाल्यांनी प्रयोगासाठी आणलेलं. त्याच पुरवणीत दिलंय.

चार बोटांचा पुतळा?

तावेरेत, इजिप्तची देवी. १८६७ मध्ये ब्लॅक रॉक जहाज आदळून मोडला. एवढा मोठा पुतळा आणि एवढं छोटं उत्तर, पण आहे ते स्पष्ट आहे.

पाचव्या सीझनमध्ये होडीतून गोळ्या झाडणारे ते कोण?

काळाच्या उड्या चालू असताना लॉक, सॉयर, ज्युलिएट वगैरे मंडळी एका होडीतून निघतात, मागून दुसरी होडी येते, गोळीबार होतो, ज्युलिएटची गोळी त्या होडीतल्या एकाला लागते, आणि तेवढ्यात काळ पुन्हा उडी मारतो. मागच्या होडीत कोण होतं? मालिकेने शेवटपर्यंत दाखवलं नाही. हे खरंखुरं मोकळं कोडं आहे, म्हणून आम्हाला प्रिय आहे.

नवीन थिअरी असेल तर जरूर घेऊन या. अटी दोन. निघण्याआधी किनाऱ्यावरच्या होडीत अजीरा एअरवेजच्या (पुढे मंडळी बेटावर परत येतात ती याच कंपनीच्या विमानाने) पाण्याची बाटली सापडली होती, ती तुमच्या थिअरीत कुठेतरी बसली पाहिजे. आणि ज्याला गोळी लागली त्याचं नाव सांगता आलं पाहिजे. 'ते तेच होते, भविष्यातले' एवढं म्हणून थांबणाऱ्याला वाशीच्या दोघांशेजारी बसवण्यात येईल.